पैसे कुणाच्या नावावर चाललेत?

प्रवासाच्या बुकिंगमध्ये फसलेल्या माणसाला भेटेल तो विचारतो, "साइट खोटी आहे हे कळलं कसं नाही तुला?" हा प्रश्नच चुकीचा आहे. आजची खोटी साइट बऱ्याचदा खऱ्या साइटपेक्षा देखणी असते. तिच्यावरचे फोटो तर अस्सलच असतात, कारण ते खऱ्या हॉटेलच्या पानावरून उचललेले असतात. दिसण्यावरून खरं-खोटं ओळखायचे दिवस गेले. आता दोनच गोष्टी बघायच्या: आपण या माणसापर्यंत कुठल्या वाटेने आलो, आणि आपले पैसे कुणाच्या नावावर चाललेत.

टंचाई तिथे भामटा

ज्या खोलीला गिऱ्हाईक नाही, त्या खोलीच्या नावाने कुणी फसवत नाही. मे महिन्यात केदारनाथचं हेलिकॉप्टर, गणपतीत कोकणची गाडी, आषाढीला पंढरपुरातली खोली, एकतीस डिसेंबरला गोव्यातला व्हिला, सुट्टीत तिरुपतीचं दर्शन. या सगळ्यांत एक क्षण सारखाच असतो. अधिकृत खिडकीवर 'उपलब्ध नाही' असं दिसतं, आणि आपण ती खिडकी बंद करून बाहेर शोधायला लागतो.

बाहेर शोधताना सगळ्यात वर जे येतं, ते पुष्कळदा पैसे देऊन वर आणलेलं असतं. गुगलवर त्याच्याशेजारी 'प्रायोजित' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. इन्स्टाग्रामवर आणि फेसबुकवरही तसंच. जाहिरातीचे पैसे भरले की कुणालाही वर बसता येतं. निळी खूणसुद्धा आता महिन्याच्या वर्गणीवर मिळते.

'शेवटची एकच खोली उरली आहे' ही घाई तेवढी फसवणुकीची खूण मानू नका. मोठमोठ्या नामांकित साइट्सही हेच करतात, आणि ते मला मुळीच आवडत नाही. फरक पडतो तो पुढे. खरी साइट घाई लावून तुम्हाला स्वतःच्याच पैसे भरायच्या पानावर नेते. भामटा घाई लावून व्हॉट्सअॅपवर नेतो.

केदारनाथचं हेलिकॉप्टर

हे उदाहरण जरा सविस्तर घेतो, कारण सगळी कला यात दिसते. गुप्तकाशी, फाटा आणि सिरसी इथून केदारनाथला हेलिकॉप्टर जातं. २०२३ पासून या फेऱ्यांची ऑनलाइन तिकिटं आयआरसीटीसीच्या 'हेलियात्रा' या एकाच पोर्टलवर विकली जातात, आणि त्याआधी उत्तराखंड सरकारकडे यात्रेची नोंदणी झालेली असावी लागते. ही नोंदणी फुकट असते. २०२५ च्या हंगामात जाऊन-येऊन भाडं फाट्याहून सहा हजारांच्या थोडं वर आणि गुप्तकाशीहून साडेआठ हजारांच्या आसपास होतं. जागा मोजक्या, मागणी देशभरातून, त्यामुळे खिडकी उघडली की बघता बघता संपते. डेहराडूनहून चारही धामांची जी चार्टर पॅकेजेस खासगी कंपन्या विकतात ती निराळी. ती लाखांच्या हिशेबात असतात.

पोर्टलवर जागा संपली की शोध सुरू होतो. एक छान पान सापडतं, त्यावर हिमशिखरं, मंदिर, 'बुक नाऊ'चं बटण. बटण दाबलं की व्हॉट्सअॅप उघडतं. पलीकडचा माणूस नम्र असतो, हिंदी गोड असते. तो सांगतो की पोर्टलवर संपलं तरी 'एजन्सी कोटा' आहे. आधी सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो मागवतो, त्यामुळे काम अधिकृत वाटतं. मग निम्मे पैसे आगाऊ. ते गेले की विमा, मग जीएसटी, मग 'परत मिळणारं डिपॉझिट'. शेवटी एक पीडीएफ येते, तिच्यावर बोधचिन्हं, क्यूआर कोड, वेळ, सगळं. फाट्याच्या हेलिपॅडवर यादी हातात घेऊन उभा असलेला माणूस सांगतो, की तुमचं नाव यात नाही. तोवर व्हॉट्सअॅपवरचा नंबर बंद झालेला असतो.

यात भाव नेहमी कमी असतो असं समजू नका. कित्येकदा तो जास्तच असतो. आपल्याकडे 'ब्लॅकने मिळतंय' हे ऐकलं की विश्वास वाढतो. पैसे देणारा मनात म्हणतो, आपण जरा आडमार्गाने पण हुशारीने काम काढलं. फसल्यावर तो तक्रार करायलाही लाजतो, कारण आडमार्ग आपण स्वतः निवडला हे त्याला ठाऊक असतं. भामट्याचा निम्मा धंदा या लाजेवर चालतो.

केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतल्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये, केदारनाथचे दरवाजे उघडायच्या आधी, यात्रेकरूंना जाहीर इशारा दिला होता. त्यात हेलिकॉप्टर होतं, चारधामची अतिथिगृहं होती, टॅक्सी होती, धार्मिक सहलींची पॅकेजेसही होती. सोमनाथच्या अतिथिगृहांसाठी ट्रस्टचीच साइट वापरा असंही त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

पैशांबरोबर आधार कार्डांचे फोटोही गेलेले असतात, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. कुणाला ओळखपत्र पाठवणं भागच असेल, तर आधारच्या साइटवरून 'मास्क्ड' प्रत उतरवून घ्यावी. तिच्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

पत्ता शेवटाकडून वाचा

साइटचा पत्ता आपण डावीकडून वाचतो आणि ओळखीचा शब्द दिसला की थांबतो. तो शेवटाकडून वाचावा. 'हेलियात्रा डॉट आयआरसीटीसी डॉट को डॉट इन' या पत्त्यात शेवटच्या 'को डॉट इन'च्या लगेच आधी जे नाव आहे, ते मालकाचं: आयआरसीटीसी. त्याच्या डावीकडे काय लिहायचं ते मालक ठरवतो. पण हेलियात्रा, आयआरसीटीसी आणि बुकिंग हे तीन शब्द आडव्या रेघांनी जोडून पुढे 'डॉट इन' लावलं, तर तो अख्खा पत्ता भलत्याचाच. असा पत्ता काही शे रुपयांत कुणालाही विकत मिळतो. शेजारचं कुलपाचं चिन्ह म्हणजे मधल्या वाटेत माहिती कुणी वाचू शकत नाही, एवढंच. पलीकडे कोण बसलंय हे कुलूप सांगत नाही.

सरकारी किंवा देवस्थानाच्या साइटला 'गव्ह डॉट इन' असतंच, असा सोपा नियमही नाही. तिरुमला देवस्थानची साइट आंध्र प्रदेश सरकारच्या 'एपी डॉट गव्ह डॉट इन'वर आहे, शिर्डीची 'साई डॉट ऑर्ग डॉट इन', सोमनाथची 'सोमनाथ डॉट ऑर्ग', आणि आपल्या पर्यटन महामंडळाची 'एमटीडीसी डॉट को'. म्हणून पत्ता शोधून काढण्यापेक्षा संस्थानाच्या पावतीवरून, दिनदर्शिकेवरून, नाहीतर आधी जाऊन आलेल्या माणसाकडून घ्यावा, आणि एकदा खरा मिळाला की फोनमध्ये साठवून ठेवावा.

गणपतीची गाडी

कोकणची तिकिटं उघडल्याबरोबर वेटिंगला जातात आणि मग 'कन्फर्म करून देतो' म्हणणारे भेटतात. त्यांतले काही सरळ लुबाडतात. काहींची तऱ्हा अधिक चलाख असते. दुसऱ्याच कुणाच्या नावाचं खरं तिकीट घेऊन पीडीएफमधलं नाव तेवढं बदलून ते तुम्हाला पाठवतात. तुम्ही दहा आकडी पीएनआर तपासता आणि स्थिती 'कन्फर्म' दिसते. दिसणारच, कारण पीएनआर खराच आहे. पण पीएनआरच्या चौकशीत प्रवाशांची नावं दिसत नाहीत; प्रवासी क्रमांक एक, प्रवासी क्रमांक दोन, एवढंच दिसतं. नाव कळतं ते टीसीच्या हातातल्या यंत्रावर, पनवेल सोडल्यानंतर.

यावर साधा उपाय आहे. बुकिंग करताना मोबाइल नंबर आपलाच द्यायला लावायचा, म्हणजे तिकिटाचा संदेश थेट रेल्वेकडून आपल्याला येतो. एजंटाने फॉरवर्ड केलेला संदेश चालणार नाही. अधिकृत एजंटाने काढलेल्या ई-तिकिटावर त्या एजन्सीचं नाव छापलेलं असतं. स्वतःच्या खासगी आयडीवरून तिकिटं काढून विकणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

'तत्काळची माझ्याकडे सेटिंग आहे' या बोलण्यालाही आता फारसा आधार उरलेला नाही. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार-पडताळणी लागते, आणि खिडकी उघडल्यावर पहिली तीस मिनिटं अधिकृत एजंटांनाही बंदी आहे.

विमानाचं तिकीट

इथे युक्ती वेगळी. एजंट जागा नुसती 'होल्ड'वर ठेवून सहा अक्षरी पीएनआर पाठवतो. तिकीट निघालेलंच नसतं, पण कागदावर सगळं दिसतं. किंवा निघालेलं तिकीट चार दिवसांनी रद्द करून परतावा स्वतः घेतो. विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून बघायचं. पैसे देताना एकदा आणि प्रवासाच्या काही दिवस आधी पुन्हा. याच कारणाने बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला टाकू नये. तुमचा पीएनआर आणि आडनाव दोन्ही त्यावर असतं.

कोकणातली खोली, गोव्याचा व्हिला

पैसे व्यक्तीच्या खात्यावर मागितले की समजा फसवणूक, असा सल्ला सर्रास दिला जातो. तारकर्लीत, आंजर्ल्यात किंवा वेळासला घरगुती राहायला गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे की तो तिथे लागू पडत नाही. चार खोल्या भाड्याने देणाऱ्या काकांचं खातं त्यांच्याच नावावर असणार, नाहीतर मुलाच्या. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणीही बहुधा नसते. म्हणून खातं खासगी आहे की नाही एवढ्यावर न थांबता तीन नावं जुळवून बघायची: जागेची पाटी कुणाच्या नावाची, बोलतंय कोण, आणि पैसे पाठवण्याआधी यूपीआयच्या पडद्यावर नाव कुणाचं येतं. बँकेत नोंदलेलं नाव आता तिथे दाखवलं जातं. एनईएफटी आणि आरटीजीएसलाही एप्रिल २०२५ पासून खातेदाराचं नाव आधी बघायची सोय आहे. रिसॉर्ट गुहागरचं, बोलणारा 'मॅनेजर सावंत', आणि पडद्यावर नाव तिसऱ्याच कुणाचं, विचारलं तर "ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे." इथे थांबायचं.

दुसरी खूण आगाऊ रकमेची. कोकणातला खरा घरमालक थोडी रक्कम घेतो, पुष्कळदा तीही मागायला संकोचतो, आणि उरलेल्या पैशांचं "या तुम्ही, मग बघू" म्हणतो. भामट्याला सगळी रक्कम आजच हवी असते. 'पूर्ण भरलंत तर वीस टक्के सूट' हे त्याचं आवडतं वाक्य.

आणि गप्पा मारा. एसटी कुठे सोडते? भरतीला पाणी कुठवर येतं? जवळचा डॉक्टर कोण? शाकाहारी जेवण कोण करतं, आणि सोलकढी असते का? खरा माणूस पाल्हाळ लावेल. खोटा "सब मिलेगा सर" म्हणून पुन्हा पैशांवर येईल. व्हिडिओ कॉलवर आत्ताच्या आत्ता अंगण दाखवायला सांगा. शक्य असेल तर त्याच गावातल्या एखाद्या दुकानाला किंवा खानावळीला फोन करून विचारा. गावात रिसॉर्ट असेल तर वाण्याला माहीत नसणं अशक्य.

गोव्यातल्या व्हिलांचं प्रकरण मोठ्या रकमांचं असतं. तळ्याकाठच्या बंगल्याची रील खरी, बंगला खरा, फक्त जाहिरात देणाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. फोटो गुगल लेन्सवर टाकले की तेच घर दुसऱ्या नावाने, दुसऱ्या भावाने सापडतं. १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याप्रमाणे पर्यटकांना जागा देणाऱ्याची पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. तो दाखला मागायला लाजू नये. जीएसटी क्रमांक दिला असेल, तर तो पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०. जीएसटीच्या साइटवर तो क्रमांक टाकला की धंद्याचं नाव आणि पत्ता दिसतो. भामटे खरे क्रमांकही उचलतात, तेव्हा तिथे दिसलेलं नाव पुन्हा खात्याच्या नावाशी जुळवायचं.

एखाद्या मोठ्या साइटवर घर सापडलं आणि मालक म्हणाला की "बाहेर व्यवहार करू, कमिशन वाचेल", तर वाचणारे पैसे त्याचे आणि जोखीम सगळी तुमची.

खोली देणाऱ्यालाही

हाच खेळ उलट दिशेनेही चालतो, आणि कोकणातल्या घरमालकांना तो चांगलाच माहीत झालाय. सैन्यात अधिकारी असल्याचं सांगणारा कुणी फोन करतो, जवानांसाठी पाच-सहा खोल्या हव्यात म्हणतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो. आगाऊ पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवतो आणि 'स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील' असं सांगतो. पिन टाकला की पैसे मालकाच्याच खात्यातून जातात. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. पैसे घेताना ना पिन लागतो, ना काही स्कॅन करावं लागतं.

रिफंडचा फोन

रद्द झालेल्या तिकिटाचे पैसे का आले नाहीत म्हणून आपण कंपनीचा नंबर शोधतो आणि खोट्या 'कस्टमर केअर'च्या हाती सापडतो. नकाशांवरचे नंबरसुद्धा बाहेरच्या माणसाला बदलून टाकता येत असत. २०१८ मध्ये महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे बँकेच्या शाखांचे नंबर गुगल मॅप्सवर असे बदलल्याच्या तक्रारी आल्या होत्या. हॉटेलांच्या बाबतीतही हीच भीती. पलीकडचा माणूस मग एखादं स्क्रीन दाखवणारं अॅप उतरवायला सांगतो. एनीडेस्क या अशाच एका अॅपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. आयआरसीटीसीच्या नावाच्या बनावट अॅपची फाइल (एपीके) फिरतेय, हा इशारा खुद्द आयआरसीटीसीने २०२३ मध्ये दिला. रेल्वेचा परतावा ज्या खात्यातून पैसे गेले तिथेच आपोआप येतो. त्यासाठी कुणाला फोनवर काही 'व्हेरिफाय' करून द्यावं लागत नाही.

खऱ्या हॉटेलच्या चॅटमधून

ही तऱ्हा नवी आणि सगळ्यात अवघड आहे, कारण इथे वाट बरोबर असते. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या संगणकात चोरटं सॉफ्टवेअर घुसतं, बुकिंग साइटवरचं हॉटेलचं खातं भामट्यांच्या हाती जातं, आणि तुम्हाला त्या साइटच्याच अधिकृत चॅटमध्ये संदेश येतो: कार्डाची पडताळणी झाली नाही, बारा तासांत या लिंकवर भरा, नाहीतर बुकिंग रद्द. तारखा, नाव, रक्कम सगळं अचूक. बुकिंग डॉट कॉमच्या नावाने हॉटेलवाल्यांना अशा जाळ्यात ओढलं जात असल्याचं मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं होतं. अशा वेळी लिंक उघडू नये. अॅपमध्ये आपल्या बुकिंगच्या पानावर पैसे बाकी दिसतात का ते बघावं आणि हॉटेलला स्वतः फोन करावा.

फुकटच्या कागदाला पैसे

थायलंडला जाताना मे २०२५ पासून डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं. सिंगापूर आणि मलेशियातही तसंच. तिन्ही फुकट आहेत. पण शोधलं की डॉलरमध्ये फी घेणाऱ्या, सरकारी थाटाच्या साइट्स सापडतात. काही खरोखर अर्ज भरूनही देतात, म्हणून त्यांना फसवणूक म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल. पासपोर्टची सगळी माहिती मात्र परक्याकडे जाते.

मॉलमधला लकी ड्रॉ

पेट्रोलपंपावर किंवा मॉलमध्ये कूपन भरलं की आठवड्याने फोन येतो: तीन रात्री, चार दिवस मोफत, फक्त नवरा-बायको दोघांनी मिळून यायचं. दोघांनीच का, तर घरी जाऊन एकमेकांना विचारण्याची सबब उरू नये. दोन तासांच्या सादरीकरणानंतर पाच-दहा वर्षांच्या सदस्यत्वावर सही घेतली जाते. यातले सगळे व्यवहार बेकायदा नसतात, आणि तीच अडचण आहे; करारात 'उपलब्धतेनुसार' हा एक शब्द असतो आणि खोली कधीच उपलब्ध नसते. तोंडी जे सांगितलं ते करारात लिहून मागा. लिहून देत नसतील तर चहा पिऊन घरी या.

पैसे गेले तर

पहिल्या तासाला फार किंमत आहे. ताबडतोब १९३० वर फोन करायचा. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेकडे सूचना जाते आणि रक्कम अजून तिथे असेल तर गोठवली जाते. भामटे मिनिटांत ती पुढच्या खात्यांत पसरवतात, म्हणून आधी भामट्याशी भांडत बसू नये. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. सायबर क्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही तक्रार करा. बँकेला वेगळं कळवा. चॅट पुसू नका.

आपणच पिन टाकून पाठवलेले पैसे बँक भरून देईल ही अपेक्षा धरू नका. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा ग्राहक-संरक्षणाचा नियम मुख्यतः आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. क्रेडिट कार्डाने भरलं असेल, तर सेवा मिळाली नाही म्हणून ठराविक मुदतीत बँकेकडे हरकत घेता येते. अनोळखी ठिकाणी मोठी रक्कम कार्डाने भरावी, ती याचसाठी. गोठवलेली रक्कम बहुधा न्यायालयाच्या आदेशाने परत मिळते, त्याला वेळ लागतो.

कंपनी खरी आहे पण शब्द पाळत नाही, असं असेल तर मार्ग ग्राहक आयोगाचा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या कायद्याने आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि अर्ज ऑनलाइनही चालतो.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. समोरचा स्वतःला सायबर सेलचा किंवा वकील म्हणवतो, तुमची रक्कम सापडली आहे असं सांगतो, आणि ती सोडवायला थोडं शुल्क मागतो. त्याच्याकडे तुमची सगळी हकिगत असते, कारण ती पहिल्या टोळीनेच त्याला पुरवलेली असू शकते. हा फोन ठेवून १९३० वर त्याचीही तक्रार नोंदवायची.